जागा सांगितली की विसरणं संपलं

बाई, मला तुमचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं उगाच गैरसमज नको. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, हे वाचणार कोण आहे, ते मलाही कळतं. पण पत्र लिहिताना माणूस समोर बसलंय असं धरून लिहावं, हे तुम्हीच शिकवलेलं. तर धरते. तासगावातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, खाली स्टोव्ह, आणि तुम्ही पाटावर बसलाय. मांडीवर सूप, सुपात पावट्याच्या शेंगा. फळीवर तुमच्या वडलांनी मिलिटरी हॉस्पिटलातून आणलेली जाडजूड डिक्शनरी, तिच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी समोर फरशीवर, दहावीतली, दोन वेण्या घातलेली. रविवार आहे. वर्गातल्या साठ पोरींपैकी एकट्या मला तुमच्या स्वयंपाकघरात यायची मुभा आहे आणि त्याचा मला लय माज आहे.

इंग्रजीतले सारखे वाटणारे शब्द म्हणजे जावा-जावा, असं तुम्ही म्हणायचात. एका घरात नांदतात, एका चुलीवर शिजवतात, परक्याला वाटतं दोघी सारख्याच. पण एकीच्या पाटावर दुसरीला बसवून बघा. से आणि टेल, लुक आणि वॉच, रिफ्यूज आणि डिनाय, सगळ्या जावा. पुस्तकातली वाक्यं तुम्हाला चालायची नाहीत. "ह्यातलं एक तरी माणूस तासगावचं आहे का? आपल्या घरातलं वाक्य आणा. खरं, घडलेलं. खोटं वाक्य पाठ होतं पण कळत नाही." मग आम्ही चिठ्ठ्यांवर वाक्यं लिहून आणायचो. मी आणलेलं, बेदाण्यावर पाखरं येतात, मी त्यांना वॉच करते. एकीनं आणलं, आमची म्हैस दूध द्यायला रिफ्यूज करते. वर्ग हसला, तुम्ही मात्र तेच वाक्य फळ्यावर घेतलंत. "आपल्या मराठीत दोन्हीला 'नाही म्हटलं' एवढंच म्हणतात, आणि मुली तिथंच फसतात. पुढं करायच्या गोष्टीला नाही म्हणायचं, ते रिफ्यूज. मागं घडलेल्या गोष्टीला नाही म्हणायचं, ते डिनाय. म्हैस रिफ्यूज करू शकते. डिनाय करायला माणूसच लागतं." तो तास मला आजही पाठ आहे, आणि तो का पाठ आहे ते मी शेवटी सांगते.

तर तो रविवार. तुम्ही शेंगा सोलताय, मी आमच्या घरातली गंमत सांगतेय. आमच्याकडे कुणी पाहुणा आला की ती गंमत निघायचीच. मी पाच वर्षांची असताना आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन आटपाडीहून, तिच्या माहेराहून, निघाली. भाऊ अंगावर पिता. स्टँडवर ही गर्दी. आईनं पिशव्या एसटीत टाकल्या, भावाला काखेला मारलं, गाडी सुटली, आणि मी बाकावरच. वाटेत भिवघाटात तिच्या ध्यानात आलं, तशीच उतरली आणि उलट्या गाडीनं परत आली. "पिशव्या मोजल्या, पोरगी मोजायची ऱ्हायली," असं आई स्वतःच सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. वडील म्हणायचे, "पेरूवालीनं पोरगी इकली न्हाई ह्ये नशीब." मी पण हसायची. मला त्या गोष्टीत माझं नाव यायचं ह्याचंच कौतुक.

तुम्ही म्हणालात, सांग बघू इंग्रजीत. मी सरळ सांगितलं. माय मदर फरगॉट मी अ‍ॅट द बस स्टँड अ‍ॅट आटपाडी. तुम्ही शेंगांवरून मान वर न करता म्हणालात, "चूक. फरगॉट नाही, लेफ्ट. छत्री विसरले म्हण, फरगॉट चालेल. पण छत्री स्टँडवर विसरले म्हणायचं असेल तर लेफ्ट. जागा सांगितलीस की विसरणं संपलं." मी म्हटलं, "आवं बाई, पर लेफ्ट म्हणजे सोडलं की." तुम्ही म्हणालात, "व्याकरणाला काय त्याचं? तू वाक्य नीट म्हण." मी म्हटलं. माय मदर लेफ्ट मी. आणि का कुणास ठाऊक, ते वाक्य तोंडातून गेल्यावर मला पेरूवाली दिसली नाही, गर्दी दिसली नाही, आई दिसली. आईनं मला बाकावर बसवलंय. बिस्किटाचा अख्खा पुडा, एरवी आम्हाला दोनच मिळायची, तो अख्खा माझ्या हातात दिलाय. आणि वाकून म्हणतेय, "हितं बस. हलू नगंस." मी हे तुम्हाला सांगितलं. घरात सांगायच्या गमतीत हे कधीच नव्हतं. विसरणारं माणूस आधी बसवून जात नाही, बाई. तुमचे हात शेंगांवर थांबले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि स्टोव्हला पंप मारायला लागलात.

हे मी जगात एकट्या तुम्हाला सांगितलं होतं. ते मला स्वतःलाच तेव्हा नुकतं कळत होतं.

आणि तुम्ही ते छापलंत. त्या वर्षी तुमची पुस्तिका निघाली, जावा-शब्दांची, प्रत्येक जोडीखाली एक चुकीचं वाक्य फुली मारून आणि एक बरोबर वाक्य. महिनाभर तुमच्या स्वयंपाकघरात प्रुफाचे कागद पसरलेले असायचे, कुठं तेलाचा डाग, कुठं हळदीचं बोट. पहिली प्रत तुम्ही मला दिलीत, आत माझं नाव घालून. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना वाटल्यात. ते पान आलं तेव्हा तुम्ही भराभर वाचून पुढं गेलात, माझ्याकडे बघितलंही नाहीत. फुली: माय मदर फरगॉट मी अ‍ॅट द बस स्टँड अ‍ॅट आटपाडी. बरोबर: माय मदर लेफ्ट मी अ‍ॅट द बस स्टँड अ‍ॅट आटपाडी. निदान गाव बदलायचं होतं, बाई. विटा घालायचं, जत घालायचं. पण तुम्हाला खरं वाक्य हवं असायचं ना. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य साठ पोरी घोकायला लागल्या, आणि त्याच्या आधी फुली मारलेलं होतं ते माझ्या आईचं.

बोर्डाची परीक्षा आणि बेदाण्याचा हंगाम आमच्याकडे एकदमच येतात. शेडमध्ये बायका ओळीनं बसून माल निवडायच्या, हिरवा इकडं, काळा तिकडं, काड्या मागं, आणि आम्ही पोरी आयांना मदत करता करता पाठांतर करायचो. माझी आई माझ्या डाव्या हाताला बसलीय. समोर माझ्या वर्गातली एक पोरगी, पुस्तिका मांडीवर उघडी ठेवून, हात बेदाण्यात आणि तोंड पुस्तकात. ती मोठ्यानं घोकतेय. माय मदर लेफ्ट मी. आईला इंग्रजीचा गंध नाही, पण मदर कळतं, स्टँड कळतं, आणि आटपाडी कुणाला कळत नाही? ती म्हणाली, "काय म्हनलीस गं? आटपाडीचं काय?" पोरीला तर हौसच. "आवं काकी, बाईंच्या पुस्तकातलं वाक्य हाय. माझी आई मला आटपाडीच्या स्टँडवर टाकून गेली, आसं."

टाकून गेली. बाई, तिनं 'सोडलं' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पाहुण्याला स्टँडवर सोडून आलो, असं आपण रोज म्हणतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण ती तुमची हुशार विद्यार्थिनी. पलीकडची एक बाई म्हणाली, "कुनाची आई गं आसली?" पोरगी म्हणाली, "वाक्य हाय आवं, कुनाची न्हवं." पण आमची गंमत त्या ओळीतल्या निम्म्या बायकांनी आईच्याच तोंडून ऐकलेली होती. आई बेदाणा निवडत राहिली. मग तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. मी काड्या वेचायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. माझ्या दहा वर्षांच्या शाळेत आई पहिल्यांदा आली ती अशी. हेडसरांनी तुम्हाला बोलावलं, मला बोलावलं. आई खुर्चीवर बसली नाही. "बाई, आमी आडानी मान्सं. पर आमच्या घरातलं तुमी छापनार आन आमी गप ऱ्हानार, व्हय? ह्ये तुमास्नी सांगितलं कुनी?" तुम्ही गप्प. आईनं पुन्हा विचारलं. तुम्ही गप्प. मग आईच्या तोंडून ते आलं, जे यायला नको होतं. "तुमच्यात चालत आसंल घरातलं चावडीवर मांडायचं. आमच्यात न्हाई चालत." हेडसर खिडकीबाहेर बघायला लागले. तुमचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, त्याची बोटं पांढरी पडली, एवढं मी बघितलं. मग हेडसर माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. तेही पुढं सांगते.

तुमच्या त्या गप्प बसण्याचा मला कितीतरी वर्षं संताप यायचा. एरवी तुम्ही फळ्यावरच्या एका स्पेलिंगसाठी हेडसरांशी भांडायचात. त्या दिवशी म्हणायचं होतं की, हे नुसतं व्याकरण आहे. म्हणायचं होतं की, आटपाडीच्या स्टँडवर हजार पोरं हरवतात. काहीतरी म्हणायचं होतं. तुम्ही माझं वाक्य घेतलंत, माझ्या आईचं नाक कापलंत, आणि निस्तरायची वेळ आली तेव्हा तोंडाला कुलूप. मला वाटलं, नोकरीला घाबरल्या. वर्षअखेर संस्थेनं तुमची बदली वडूजला केली तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

जायच्या आधी तुम्ही उरलेल्या सगळ्या प्रतींत त्या वाक्यावर चिठ्ठी चिकटवलीत, तुमच्या अक्षरात. आय लेफ्ट माय अम्ब्रेला अ‍ॅट द बस स्टँड. माझी प्रतही मागून घेतलीत, चिठ्ठी चिकटवून शिपायाच्या हाती परत पाठवलीत. मी पुढं खूप वेळा नखानं उकरून बघितलं. निघत नाही. खळ चांगली शिजवली होती तुम्ही.

आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही. त्या दिवशी शाळेतून घरी गेल्यावर तिनं भाकरी केली, माझ्या ताटात वाढली, वर कांदा फोडून दिला. पण आमच्या घरातली ती गंमत त्या दिवसापासून बंद झाली. पुढं एकदा कुणा पाहुण्यानं आठवण काढली, "ती आटपाडीची गोष्ट सांग की गं," तर आई म्हणाली, "आता न्हाई ध्यानात," आणि पाणी आणायला उठली. माझी आई मला विसरली होती की टाकून गेली होती, हा प्रश्न माझ्या गळ्यात तुम्ही अडकवलात, आणि विचारायचं दार पण तुम्हीच लावलंत. मी वडूजला एकदाही आले नाही. तुम्ही गेल्याचं मला एका लग्नात कळलं. मी पंगतीत बसले होते, शेजारची म्हणाली, "आपल्या इंग्रजीच्या बाई वारल्या, तुला कळलं का?" मी म्हटलं, "हो का," आणि पानातली जिलेबी संपवली.

आता मी सांगलीत एका शाळेत इंग्रजी शिकवते. जावा-जावा असंच म्हणते, कुणाचं म्हणून सांगत नाही. फरगेट आणि लीव्हचा धडा आला की छत्री. दरवर्षी छत्री. पोरी म्हणतात, मॅडम, दुसरं उदाहरण द्या की, मी म्हणते, एवढं पुरे.

आणि आता गेल्या गुरुवारचं. आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली होती, आठ दिवस राहिली. जायच्या दिवशी सकाळी म्हणाली, "मला स्टँडवर सोड, पुढं जाती मी." मी तिला सांगलीच्या स्टँडवर घेऊन गेले. तासगावची गाडी लागायची होती. तिला बाकावर बसवलं, पिशवी मांडीवर दिली, काळा चष्मा सारखा केला, आणि पाण्याची बाटली आणायला निघताना वाकून म्हटलं, "हितं बस. हलू नगंस. आले मी." सांगलीत मी कुणाशी अशी बोलत नाही, बाई. तोंडातून आपोआपच आलं. मी दोन पावलं गेले आणि मला ऐकू आलं मी काय बोलले ते. मागं बघायचा धीर झाला नाही. दुकानावर गर्दी, सुट्टे नाहीत, पाच-सात मिनिटं गेली असतील. परत आले तर आई बाकावर नव्हती. ती उठून खांबाला धरून उभी होती, मी गेले त्या दिशेला तोंड करून, आणि त्या चष्म्यातून तिला काय दिसत असणार, पण येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघत होती.

"आलीस व्हय," ती म्हणाली. बसली. पाणी प्याली. मग बाटलीचं झाकण लावत, माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "तुझ्या बापाच्या घरला परत जायाचं न्हवतं मला. मिरजंला भनीकडं निघालेले. दोन लेकरं घिऊन कोन दारात उभं करतंय? म्हनलं, पोरगं अंगावर पितंय, त्ये तर न्यायालाच पायजे. पोरीला मामा यिऊन घिऊन जाईल." "भिवघाटात उतरले. त्येच्याम्होरं पायच निघंना. मी बी येनारच हुते गं." गाडी लागली. मी तिला खिडकीजवळ बसवलं. ती म्हणाली, "त्या बाईला मी लय टाकून बोलले. तिनं बिचारीनं खरंच लिवल्यालं. हायत का गं त्या?" मी म्हटलं, नाहीत. आई म्हणाली, "मग ऱ्हायलं." गाडी गेली.

म्हणून हे पत्र. आई बोलून मोकळी झाली, आता माझी पाळी.

हेडसरांनी त्या दिवशी मला विचारलं होतं, "बाईंनी तुला विचारून हे छापलं का?" आणि मी आईसमोर, तुमच्यासमोर, सांगितलं होतं, "नाही."

तुम्ही विचारलं होतंत, बाई. रविवारच होता. मी उप्पीट खात होते, तुम्ही प्रुफाचा कागद माझ्यापुढं धरलात, त्या ओळीखाली हळदीचं बोट टेकवलंत. "हे ठेवू का? नको म्हण, काढते, छत्री घालते तिथं." मी दोन्ही ओळी वाचल्या, फुलीची आणि बरोबरची. मला दोन्हींतला फरक कळला होता, माझ्याइतका तो दुसऱ्या कुणालाच कळला नसता. मी म्हटलं, "ठेवा." मला ते कुठंतरी लिहिलेलं हवं होतं. आईला इंग्रजी येत नाही याचा धीर होता, आणि तिला कधीतरी कळावं असंही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. तुम्ही हेडसरांच्या खोलीत तोंड उघडलं असतंत तर मी उघडी पडले असते. ते माहीत असूनच तुम्ही आईचं सगळं ऐकून घेतलंत, ते 'तुमच्यात' सुद्धा, आणि वडूजला गेलात.

राग अजून आहे. पंधरा वर्षांच्या पोरीच्या 'ठेवा' वर शहाण्या माणसानं छापायचं नसतं, हे मी आज शिक्षक म्हणूनही सांगेन. तो राग मी सोडणार नाही. पण रिफ्यूज करायची वेळ होती ती तुमच्या स्वयंपाकघरात, तेव्हा मी केलं नाही. आणि हेडसरांच्या खोलीत केलं ते डिनाय. मराठीत सांगायचं तर मी नुसतं नाही म्हटलं, आणि इतकी वर्षं मी ते स्वतःला मराठीतच सांगत आले.

हे पत्र मी तुमच्या पुस्तिकेत ठेवते आहे, छत्रीच्या पानात. जागा सांगितली. आता विसरले असं म्हणता यायचं नाही.